पथ्य मुलाचे नव्हे, घराचे

मंडळी, मधुमेह हा शब्द आता कुणाला नवा राहिलेला नाही. आपण त्याला साखरेचा आजार म्हणतो. "त्यांना साखर आहे" एवढे म्हटले की ऐकणारा समजतो. पूर्वी हा आजार साठीच्या माणसाचा समजला जाई. बसून खाणाऱ्या पैसेवाल्याचा समजला जाई. आता तसे राहिले नाही. तो खेड्यात आला आहे, चाळीत आला आहे, आणि तरुणांतही आला आहे.

२०२३ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. देशातल्या सुमारे १० कोटी मोठ्या माणसांना मधुमेह आहे, आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत, असा अंदाज त्यात दिला आहे. या माणसांपैकी पुष्कळांच्या घरी वाढती मुले आहेत. त्या मुलांना या आजारापासून दूर कसे ठेवावे, हे आज आपण पाहू.

आजार होतो कसा?

आपण भाकरी खातो, भात खातो. पोटात त्याची साखर होते. ती साखर रक्तात येते आणि रक्तातून अंगभर फिरते. पण अंगातल्या पेशींच्या आत शिरायला तिला किल्ली लागते. त्या किल्लीचे नाव इन्शुलिन. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. ती ही किल्ली तयार करते.

आता असे समजा की कुलूप गंजले. किल्ली फिरेना. मग काय होते? स्वादुपिंड जास्त किल्ल्या पाठवते. काही वर्षे काम निभते. पुढे स्वादुपिंड थकते. साखर रक्तातच साचते. हाच मधुमेह. कुलूप गंजण्याचे एक मोठे कारण म्हणजे पोटात आणि यकृतात साठलेली चरबी. दुसरे कारण म्हणजे अंग न हलवणे. जो स्नायू राबतो, त्याचे कुलूप सैल राहते.

मुलगा किंवा मुलगी वयात येते, त्या वर्षांत इन्शुलिनचा जोर आपोआपच थोडा कमी पडतो. वयाचाच तो गुण आहे. निरोगी मुलाचे शरीर तेवढे सांभाळून घेते. पण पोटावर चरबी असेल, खेळ नसेल आणि घरात मधुमेहाचा वारसा असेल, तर ओझे दुप्पट होते. म्हणून दहा ते अठरा ही वर्षे जपण्याची आहेत.

लहान वयात आलेला हा आजार जास्त कडक असतो. अमेरिकेत १० ते १७ या वयात असा मधुमेह जडलेल्या मुलांवर डॉक्टरांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. २०२१ साली त्यांनी हिशेब मांडला. आजार कळून सरासरी तेरा वर्षे झाली होती. मुले सव्वीस वर्षांच्या आसपास आली होती. एवढ्यातच दर शंभरांतल्या साठांच्या मूत्रपिंडाला, डोळ्यांना किंवा नसांना काही ना काही इजा पोचली होती. सव्वीस वर्षे म्हणजे संसार मांडायचे वय! त्या वयात डोळे आणि मूत्रपिंडे जपत बसायचे, हे किती कठीण, ते सांगायला नको.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मुलांत आणखी एका जातीचा मधुमेह असतो. त्यात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. तो खाण्यापिण्याच्या चुकीने होत नाही, आणि या लेखातल्या उपायांनी टळतही नाही. अशा मुलाला इन्शुलिनची सुई लागतेच. ती कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. मूल एकाएकी फार पाणी पिऊ लागले, सारखे लघवीला जाऊ लागले, भराभर वाळू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

"आमचं पोर तर बारीक आहे"

पुष्कळ आया म्हणतात, "आमचं पोर कुठं जाड आहे? हाडाची काडं आहेत नुसती." इथेच आपण फसतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर बायांची नोंद ठेवली, आणि पुढे त्यांच्या मुलांची. तिथली बाळे सरासरी सुमारे २ किलो ७०० ग्रॅम वजनाची जन्मली. इंग्लंडातली बाळे साडेतीन किलोची. म्हणजे आपली बाळे हडकुळी. पण तपासून पाहिले तर त्यांचे स्नायू कमी भरले होते, आणि चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबी!

२००४ साली याच याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची शंभरात ९, आणि याज्ञिकांची शंभरात २१. तेव्हा नुसता वजनकाटा पाहून आपण निर्धास्त राहू नये.

मग ओळखावे कसे? एक सोपी युक्ती आहे. एक सुतळी घ्या. मुलाच्या उंचीएवढी तोडा. तिची मधोमध घडी घाला. आता ती अर्धी सुतळी बेंबीच्या जरा वर पोटाभोवती गुंडाळा. दोन्ही टोके आरामात मिळाली तर ठीक. टोके मिळत नसतील, तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. सावध व्हावे. या मापाला फूटपट्टी नको, आकडेही नकोत.

दुसरी खूण मानेवर दिसते. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी होते. आई म्हणते, "मान घास नीट, किती मळ हा!" पोर घासून घासून लाल करते. पण तो मळ नसतो. किल्ली फिरत नाही, याची ती खूण असू शकते. मुलाला रागे भरू नका, डॉक्टरांना दाखवा.

एकट्या मुलाला पथ्य का लागू पडत नाही?

समजा, एक घर आहे. घरात आजी, आई, वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. वडिलांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी मुलीला सांगितले, "गोड कमी कर, रोज खेळ." मुलगी घरी आली. दुपारी आजी म्हणाली, "अगं, वाढत्या पोरीनं एवढं तरी खावं," आणि ताटात लाडू ठेवला. संध्याकाळी वडिलांनी भजी आणली. रात्री सगळे टीव्हीसमोर जेवायला बसले. मुलगी खेळायला निघाली, तर आई म्हणाली, "आता मोठी झालीस, घरी बस." धाकट्या भावाने "जाडी, जाडी" म्हणून चिडवले. आता सांगा, त्या पोरीने पथ्य पाळायचे तरी कसे?

मुलगी बाजार करीत नाही. ती डाळ-तेल आणत नाही. खेळायला जायचे की नाही, हेही ती ठरवीत नाही. जे तिच्या हातात नाही, त्याचा बोल तिला कसा लावायचा? मधुमेह रक्तातून येतो, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. पण रक्ताबरोबर चूलही वारशाने येते.

अमेरिकेत लिओनार्ड एप्स्टाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने याची परीक्षा घेतली. सहा ते बारा वर्षांची जाड मुले आणि त्यांचे जाड आईबाप घेतले. आहार आणि व्यायामाची शिकवण सर्वांना सारखीच दिली. पण एका गटात मूल आणि आई-बाप या दोघांनीही सवय बदलावी, असे ठरवून दोघांनाही शाबासकी दिली. दुसऱ्या गटात नुसते मुलाकडे लक्ष दिले. तिसऱ्यात कुणाच्याच बदलाकडे खास लक्ष दिले नाही. दहा वर्षांनी, १९९० साली, निकाल छापला. पहिल्या गटातल्या मुलांचा जाडपणा सुरुवातीपेक्षा कमी झाला होता. तिसऱ्या गटातल्या मुलांचा वाढला होता. आईबाप बरोबर चालले, म्हणून मूल चालले.

ही परीक्षा वजनाची होती. मधुमेहाची परीक्षा आपल्याच देशात मोठ्या माणसांवर झाली. उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांची ही पाहणी चेन्नईच्या डॉ. अंबाडी रामचंद्रन यांनी केली, आणि २००६ साली निकाल छापला. सुमारे तीन वर्षांत, ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या शंभरी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना चालणे आणि खाणे यांबाबत पुन्हा पुन्हा भेटून मदत केली, त्यांच्यात शंभरी ३९ जणांना झाला. म्हणजे आजार टळू शकतो. सगळ्यांचा नाही, पण पुष्कळांचा.

घराचा कार्यक्रम कसा आखावा?

आळीतल्या, वाडीतल्या पाच-सहा घरांनी मिळून हे करावे. महिला मंडळाने, बचत गटाने किंवा साक्षरता वर्गाने पुढाकार घ्यावा. आशाताईंना बोलवावे. ज्या घरात आईवडिलांना किंवा आजीआजोबांना साखर आहे, ज्या आईला गरोदरपणी साखर झाली होती, किंवा ज्या मुलाला सुतळी पुरत नाही, ती घरे आधी घ्यावी.

पहिले काम म्हणजे बैठक. घरातली सगळी माणसे बसावीत. पुरुषमाणसांनी "हे बायकांचं काम" म्हणून उठून जाऊ नये. बाजार कोण करतो, स्वयंपाक कोण करतो, वाढतो कोण, आणि खाऊला पैसे देतो कोण, हे चार प्रश्न विचारावे. चारही माणसे बैठकीत हवीत. आजी तर हवीच. तिला दूर ठेवून कार्यक्रम चालणार नाही. तिला मान देऊन सांगावे, "आजी, पोरीला लाडूऐवजी मूठभर भाजके शेंगदाणे तुम्हीच द्या." आजीचा हात देता राहिला पाहिजे; हातातली वस्तू तेवढी बदलावी.

दुसरे काम म्हणजे मोजणी. सुतळीचे माप सर्वांचे घ्यावे. आधी वडिलांचे, मग आईचे, शेवटी मुलांचे. चारचौघांत मुलीचे पोट मोजू नये.

मग साखरेचा डबा मोजावा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. म्हणजे चहाचे सपाट पाच-सहा चमचे. आता हिशेब करू. पाच माणसे, तीस दिवस, रोज २५ ग्रॅम. झाले ३७५० ग्रॅम, म्हणजे पावणेचार किलो. यात गूळ आला, मध आला, बिस्किटातली आणि बाटलीतल्या थंड पेयातली साखरही आली. तेव्हा पाच माणसांच्या घरात साखर आणि गूळ मिळून महिन्याला तीन किलोच्या आत आणावे. "गुळाला काही होत नाही," असे म्हणतात. ते खरे नाही. रक्तात गेल्यावर गूळही साखरच. थंड पेयाच्या पाव लिटरच्या एका बाटलीत २५ ग्रॅमहून जास्त साखर असते. एक बाटली प्याली, की दिवसाचा हिस्सा संपला.

तिसरे काम म्हणजे दिवे लावणे! भिऊ नका, चौकातल्या सिग्नलसारखे तीन रंगांचे दिवे. एप्स्टाइन यांच्या कार्यक्रमात ही युक्ती होती; आपण ती आपल्या ताटाला लावू. हिरवा म्हणजे पोटभर खा: पालेभाज्या, फळभाज्या, काकडी, टोमॅटो, पातळ ताक. पिवळा म्हणजे रोज खा, पण मापात: भाकरी, पोळी, भात, वरण, उसळ, अंडे, मासे, दूध, फळ, शेंगदाणे. लाल म्हणजे थांबून विचार करा: थंड पेय, बिस्किट, वडे-भजी, फरसाण, पाकिटातले वेफर, मिठाई. लाल म्हणजे बंदी नव्हे. दिवाळीला फराळ होईल, पाडव्याला श्रीखंड होईल. पण ठरवून, मोजून, सगळ्यांनी मिळून. मुलीला वगळून बाकीच्यांनी खाऊ नये, आणि लाल वस्तूंचा साठा घरात ठेवू नये.

वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी मात्र कधी ठेवू नये. भात कमी केला तर उसळ आणि भाजी वाढवा. मुलीच्या बाबतीत हे जास्त जपावे. घरातली मुलगी आणि सून उरलेसुरले खाते, ही रीत मोडली पाहिजे. आजची मुलगी उद्याची आई आहे. तिच्या पोटी जन्मणाऱ्या बाळाचे स्नायू तिच्या ताटातूनच घडायचे आहेत.

चौथे काम म्हणजे अंग हलवणे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज सरासरी एक तास तरी अंगाला घाम येईल असे काही करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकाच वेळी नको, तुकडे चालतील. शाळेत भरभर पायी जाणे वीस मिनिटे, दोरीवरच्या उड्या दहा मिनिटे, संध्याकाळी खो-खो किंवा कबड्डी अर्धा तास. झाला तास. मैदान नसेल तर सूर्यनमस्कार आहेत, फुगड्या आहेत. मुलींना एकटे पाठवायला जीव धजत नसेल, तर चार घरच्या मुली एकत्र पाठवा, आणि एक मोठे माणूस पाळीपाळीने कट्ट्यावर बसू द्या. मुलीचा खेळ बंद करणे हा उपाय नव्हे.

झोपही यातच आली. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज आठ ते दहा तास झोप हवी. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, आणि किल्लीही नीट फिरत नाही. म्हणून रात्री घरातले सगळे फोन एका फळीवर ठेवावे. वडिलांचा फोन पहिला. वडील अंथरुणात फोन पाहतील आणि मुलाला "झोप" म्हणतील, तर मूल ऐकायचे नाही.

पाचवे काम म्हणजे कागद. मंडळी, तुम्ही अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. त्यांचा इथे उपयोग करा. एका कागदावर सात रकाने पाडा, सात दिवसांचे. डावीकडे घरातल्या माणसांची नावे लिहा. आठवड्याला दोनच गोष्टी ठरवा, दहा नकोत. जसे, "चहात एकच चमचा साखर" आणि "जेवण झाल्यावर सर्वांनी पंधरा मिनिटे चालणे". ज्याने केले, त्याच्या नावापुढे बरोबरची खूण. कागद भिंतीवर लावा. आठवडा संपला की सगळ्यांनी मिळून तो वाचा. चुकले त्याला बोलू नका. का जमले नाही, एवढेच विचारा. जमले त्याला शाबासकी द्या, पण पेढा देऊ नका! चेंडू द्या, नदीवर फिरायला न्या.

पाकिटावरचे आकडेही वाचा. शंभर ग्रॅममध्ये साखर किती, हे त्यावर छापलेले असते. शब्द इंग्रजी असले तर मुलाला विचारा. त्याने शब्द वाचावा, तुम्ही आकडा वाचा.

किती दिवस करायचे?

एक भाषण ऐकून सवय बदलत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने जाड मुलांच्या कार्यक्रमांचे निकाल तपासले आणि सांगितले, की वर्षभरात कमीत कमी २६ तास तरी घराशी गाठ पडली पाहिजे. आपल्या पद्धतीने सांगायचे तर आठवड्याला एक तास, सहा महिने. पुढे महिन्यातून एकदा. पाच-सहा घरे पाळीपाळीने जमली, तर हे जड नाही. दर तीन महिन्यांनी सुतळी पुन्हा लावावी. वाढत्या मुलाची उंची वाढते, म्हणून सुतळी दर वेळी नवी घ्यावी.

ज्या मुलाला सुतळी पुरत नाही, किंवा ज्याच्या मानेवर काळी खूण आहे, त्याचे रक्त तपासून घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० च्या खाली असली तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाचा संशय. मग पुन्हा तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला, दोन्ही हवेत.

घराबाहेरही थोडे पाहावे लागते. २०२० सालच्या सरकारी नियमाप्रमाणे शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत फार तेलकट, खारट, गोड पदार्थ विकता येत नाहीत. आपल्या शाळेसमोर काय चालते? शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालकांना जागा असते. तिथे हा प्रश्न विचारावा. आणि कवायतीचा तास गणिताला दिला जात असेल, तर तो परत मागावा. गणितही महत्त्वाचे आहे, हे आमच्यासारख्या जुन्या मास्तरांना कुणी सांगायला नको. पण बसून बसून मुलाचे अंग बिघडले, तर ते गणित मांडायचे कुणी?

काही जण म्हणतील, "हे सगळं खर्चाचं आहे." हिशेब करून पाहा. बिस्किटांचे पुडे, थंड पेयाच्या बाटल्या, फरसाण यांचे महिन्याचे पैसे एका बाजूला मांडा. चणे, शेंगदाणे, मोसमातला पेरू आणि एक गड्डी मेथी दुसऱ्या बाजूला मांडा. कोणती बाजू जड होते, ते तुमचे तुम्हालाच दिसेल. आणि सुतळीला, चालण्याला, झोपेला तर पैसा लागतच नाही.

तर मंडळी, आजच रात्री जेवणानंतर सुतळी काढा. पहिले माप घरातल्या कर्त्या माणसाचे घ्या. मग सगळे मिळून दोन गोष्टी ठरवा आणि कागदावर लिहा.